सापारबेक अगायांच्या गाईचं दूध

जीवशास्त्र शिकून माणूस काय होतो, हे मला विचारा. आमच्या वर्गातला एक मोबाइल विकतो, एक राजधानीत, बिश्केकला, टॅक्सी चालवतो. दोघी लिपस्टिकची पाकिटं घेऊन दारोदार फिरतात आणि स्वतःला सल्लागार म्हणवतात. ज्याला बेडूक आणि पाल यांतला फरक कळत नव्हता, तो मंत्रालयात बसून पर्यावरण सांभाळतो. आणि मी कोचकोरच्या बाजारात, मटणाच्या ओळीमागच्या खोलीत, दूध तपासते. माझ्या चिठ्ठीशिवाय इथे कुणाला वाटीभर दूध विकता येत नाही.

मंगळवारी दारात सापारबेक अगाय उभे राहिले. अगाय म्हणजे आमच्याकडे सर. विद्यापीठात चार वर्षं त्यांनी आम्हाला सूक्ष्मजंतू शिकवले, म्हणजे पिवळ्या पडलेल्या वहीतून वाचून दाखवले. या माणसाच्या हातात मी कधी परीक्षानळी पाहिली नाही. निवृत्त होऊन गावी आले होते, गाय घेतली होती. हात पाठीमागे बांधलेले. दुधाचे दोन्ही कॅन मागे सून उचलून आणत होती, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत.

"अगं, झामिरा ना तू?" नाक मुरडून त्यांनी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. "शेवटी इथे?"

"इथेच, अगाय. बसा."

"माझे विद्यार्थी जर्मनीत आहेत, ठाऊक आहे? आणि तू बाजारात! बरं, चटकन चिठ्ठी दे. शिक्के मारायला काय लागतं?"

"तपासायला तास लागतो."

"माझ्या गाईला तपासणार? मला?" ते हसले. "हिला दोन शब्द येत नव्हते परीक्षेत, आणि निघाली दूध तपासायला!"

अस्सा संताप आला! पण मी नळीत दूध घेतलं, निळ्या द्रावणाचा थेंब टाकला आणि नळी कोमट पाण्यात ठेवली. अगाय चहा प्यायला समोरच्या टपरीवर गेले.

सून भिंतीला टेकून बसली. बेगिमाय तिचं नाव. आमच्याच विभागातली, माझ्यानंतर नऊ वर्षांनी शिकलेली, लाल पुठ्ठ्याची, म्हणजे सर्वोच्च गुणांची, पदवी मिळवलेली. त्या लाल पुठ्ठ्याचं झालं काय? शेण काढणं आणि चहाच्या पाण्याचा समोवार तापवणं.

"ताई, मला महिनाभर संध्याकाळी ताप येतो," ती हळूच म्हणाली. "गुडघे ठणकतात. बाबा म्हणतात, पोटुशीला असं होतंच."

"दूध उकळून पितेस ना?"

"नाही. बाबा म्हणतात, उकळलं की दुधातला जीव जातो."

"अगं बाई, तो जीव जायलाच हवा!"

 पण नक्की सांगायला अजून तास व्हायचा होता.

आता ऐका. दुधात ब्रुसेलाची, म्हणजे माणसाला ताप आणणाऱ्या आणि गर्भ पाडणाऱ्या जंतूची, खूण असली की निळं सगळं वर चढतं, सायीची निळी कडी होते आणि खालचं दूध पांढरं राहतं. खूण नसली की दूध निळसरच राहतं. सोळा वर्षांपूर्वी तोंडी परीक्षेत मी नेमकं हेच सांगितलं होतं. अगायांच्या वहीत उलटं उतरवलेलं होतं. पाचपैकी तीन! त्या तिनाने माझी पुढच्या शिक्षणाची जागा गेली.

अगाय परतले तेव्हा मी नळी उजेडात धरली होती. वर निळी कडी, आणि खाली पांढरंशुभ्र दूध.

"बघ!" त्यांनी टाळी वाजवली. "निळी घाण वर आली, दूध स्वच्छ! लिही, शुद्ध. शिकवलं होतं ना मी?"

सोळा वर्षं मी या क्षणासाठी तोंडात शब्द घोळवत होते. काय काय ऐकवणार होते त्यांना! पण तेवढ्यात बेगिमायचा हात पोटावर गेलेला दिसला आणि सगळी मजाच गेली.

"अगाय," मी म्हटलं, "गाय रोगी आहे."

"मूर्ख! अजून तेच! बेगिमाय, तू सांग हिला. तुला या प्रश्नाला मी पाच दिले होते."

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर मान वर करत नाही. बेगिमायने केली. माझ्या हातातून नळी घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"पाच मिळाले, कारण तुमची वही पाठ केली होती," ती म्हणाली. "कडी निळी म्हणजे रोग, अगाय."

सासऱ्याला ती बाबा नाही, अगाय म्हणाली. त्यांचा चेहरा उतरला.

तिने एक कॅन उचलला आणि रोगी दूध ओतायच्या क्लोरीनच्या बादलीवर वाकवला.

"अगं, पांढरं सांडतेस!" ते ओरडले. दूध ओतणं म्हणजे आमच्याकडे पाप. "घराची बरकत जाईल!"

तिने दुसराही ओतला. मग माझ्याकडे वळून बाही वर सारली.

"ताई, रक्त इथेच घेता का, की दवाखान्यात जावं लागेल?"

"दवाखान्यात. चल, मी येते."

मी खोलीला कुलूप लावलं. अगाय रिकामे कॅन घेऊन बाहेर उभे होते.

"मी काय करू?" त्यांनी विचारलं. त्यांनी मला सल्ला विचारल्याचं माझ्या आठवणीत तरी हे पहिल्यांदाच.

"तुम्हीही तेच दूध प्यालात ना?" मी म्हटलं. "मग आमच्यामागून या."