शेवटच्या उडीचा पूल

चातुर्मासात सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन धरते. सासूबाईंनी लावून दिलेला नेम आहे. कारध्याला घर, समोर वैनगंगा. पहाटे नदीवर आंघोळ, मग तुळशीला पाणी, मग महादेवाला बेल. गावाला सवय झाली आहे. सोमवारी कोणी मला हाक मारून उत्तराची वाट पाहत नाही.

त्या सोमवारी दुपारी निर्माल्य सोडायला घाटावर गेले, तर जुन्या पुलाच्या अगदी काठावर माझा भाऊ प्रितम उभा. कठडा यंदाच्या पुरात वाहून गेलेला. मागे त्याचा लहानपणचा मित्र अश्विन मोबाईल स्टँडवर बसवत होता.

ही दोघं तिथं का आली, ते सांगायचं तर माझ्या माहेरी, भंडाऱ्याच्या घरातल्या मागाच्या खोलीत जावं लागेल. आम्ही कोष्टी. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास बाबांनी माग बंद केला आणि त्या खोलीत प्रितमनं टीव्ही अन् गेमचं यंत्र मांडलं. पोरं एकाच गेमसाठी यायची. डोक्यावर कंदील घेतलेला एक बुटका होता, पोरांनी त्याला ‘कंदील्या’ नाव दिलं. तोवरच्या गेममधली माणसं नुसती डावीकडून उजवीकडे पळायची. हा मात्र खांबाच्या मागं जायचा, वळून पाहायचा, खोल दरीत डोकवायचा. त्याच्यासोबत पोरांची अंगंही वाकायची.

त्याची शेवटची उडी तुटक्या पुलावरून होती. खाली धुकं. जमीन दिसतच नाही, फक्त बुटक्याची सावली दिसते. तिच्यावर भरवसा ठेवून उडी टाकायची. अख्ख्या भंडाऱ्यात ती एकट्या प्रितमला जमायची. मग उन्हाळ्यात पोरं कारध्याच्या ह्या पुलावरून तशीच उड्या टाकू लागली. जो टाकेल तो ‘पार झाला’. प्रितम नेहमी पहिला. पुढं खाली धरण झालं, नदी बारा महिने तुंबून गढूळ राहू लागली आणि उड्या थांबल्या. पोरांनी प्रितमलाही चिकटवलेलं नाव तेवढं राहिलं. तो कामाला जातो त्या वरठीच्या कारखान्याच्या गेटवर आजही त्याला कंदील्याच म्हणतात, पोट सुटलं तरी.

त्या दोघांना ठाऊक नव्हतं ते घाटावरच्या आम्हा बायकांना ठाऊक होतं. पुरात एक झाड मुळासकट वाहत आलं आणि पुलाच्या खांबाला अडकलं. पूर ओसरला तरी झाड पाण्याखालीच. आम्ही सोडलेली फुलं तिथं जाऊन गोल फिरत राहायची. बाबूलाल ढिवराचं जाळं तिथंच फाटलं. तो म्हणाला होता, “बाई, फांद्या भाल्यावानी उभ्या हायेत खाली.”

“घ्या, ताई आली!” अश्विन ओरडला. “साक्षीदार पण भेटला.”

“रागावू नको, ताई,” प्रितम म्हणाला. “एकच डाव. पंचवीस वर्षं झाले गेमले, जगभरचे लोक अजून त्याच उडीचं बोलून राहिले. आपापले व्हिडिओ टाकून राहिले. आपलं भंडाराच काहून मागं राहावं?”

मी जोरानं हात हलवला.

“आज सोमवार हाय न बे!” अश्विन हसला. “मौन! देवानंच सोय केली. नाही तं ताईनं इथंच कीर्तन लावलं असतं.”

मी पाण्याकडे बोट केलं. दोन्ही हातांची बोटं पसरून फांद्या दाखवल्या. प्रितम एकदम गंभीर झाला.

“अरे हो, चुकलंच माह्यं,” म्हणाला. नदीकडे वळला, हात जोडले, वाकला. “गंगामाय, सांभाळ.”

“मस्त आलं! अजून एकदा जोड हात,” अश्विन म्हणाला.

मी टोपली टाकून पुलावर धावले. माझे ओठ हलताना पाहून प्रितमनंच हात वर केला. “बोलू नको, ताई! व्रत मोडल्याचं पाप मले नको लावू.” आणि गुडघे वाकवले. त्याची नजर खाली सावलीवर होती. सावली पडली होती नेमकी फुलं फिरत होती तिथं.

मी बोलले. “खाली झाड हाय, प्रितम! फांद्या हायेत!”

पहाटेपासून मिटलेला गळा. आवाज फाटून आला, माझा मलाच ओळखू आला नाही. प्रितम पुढं झुकला होता. त्याचे हात हवेत फिरले, अश्विननं मागून सदरा धरला आणि दोघंही पुलावर आपटले. प्रितमची एक चप्पल खाली गेली. ती वाहत गेली नाही. पाण्यात टोकावर अडकून तिथंच उभी राहिली.

त्याला घरी आणलं. महादेवापुढं मी नाक घासलं, आणि मनात म्हटलं, संपलं.

अश्विननं व्हिडिओ टाकलाच. “ताई, जीव वाचला ते दाखवतो. लोक शहाणे होतील.” त्याच्या मनात खोट नव्हती. पण लोकांनी त्याची पुढची-मागची बोलणी कापून टाकली. उरलं काय, तर तुटका पूल, काठावरचा माणूस, आणि केस सुटलेली, तोंड वेडंवाकडं करून धावणारी एक बाई. खाली कोणी लिहिलं, जन्माची मुकी बाई शेवटच्या उडीपाशी बोलली. कोणी लिहिलं, ती बाई तिथं नव्हतीच, नीट पाहा, तिची सावली पडत नाही.

मग पोरं येऊ लागली. आधी तुमसरची, मग नागपूरची, मग कुठली कुठली. डोक्याला कंदील बांधून. पोलिसपाटलानं आडवा बांबू लावला, तर त्याच्यावर बसून फोटो. बाबूलालनं झाडापाशी लाल फडकं बांधलं, ते कोणी आठवण म्हणून घेऊन गेलं. झाड काढायला माणसं आली आणि पाणी उतरू द्या म्हणून परत गेली. प्रितम कारखान्यातून सुटला की घरी जात नाही, पुलावर येऊन बसतो. झाडाचं सांगू लागला की पोरं म्हणतात, “दादा, तो डायलॉग तं काकूचा हाय.”

काल तीन मोटारसायकली आल्या. एक पोरगा माझ्या पाया पडला. चांगल्या घरचा वाटला.

“काकू, आमच्या वेळीही ओरडजा न.”

“अरे बाळा, खरंच झाड हाय तिथं,” मी म्हटलं. “तुह्या मायची शपथ हाय तुले, मागं सर.”

त्यानं आनंदानं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. “असंच! थोडं जोरात.”

त्याच्या खांद्यापलीकडे दुसरा पोरगा बांबूखालून वाकून काठावर गेला होता. प्रितम त्याच्याकडे धावला.

मी आणखी जोरात ओरडले.