दारावरची बेल आणि तिची खूण

अहो, एवढ्या जोरात दाबू नका, ऐकू येतं मला! मी या दारावरची बेल बोलतेय. दुकानात वर्षभर धूळ खाल्ली, मग एका दातांच्या डॉक्टरांनी मला इथं लावलं. तेव्हा माणसं मला भीत भीत दाबायची. डॉक्टर गेले आणि इथं शिवणकाम करणाऱ्या ताई आल्या, धाकट्या बहिणीला घेऊन.

ताई नवऱ्याच्या माराला कंटाळून, कुणाला ठावठिकाणा न सांगता आल्या होत्या. म्हणून दोघींनी मला वाजवायची एक खूण ठरवली. तशी वाजले तरच दार उघडायचं. एरवी शिलाई मशीन थांबायचं आणि घर चिडीचूप व्हायचं.

पुढे घरामागच्या कारखान्याचा धूर घरात शिरू लागला. ताईंनी धीर करून नगरपालिकेत तक्रार दिली. तक्रार म्हटली की नाव-पत्ता आलाच.

एका दुपारी मी खुणेविना वाजले. बाहेर बातमीदार होता. धुराच्या बातमीत त्याला तक्रारदाराचा पत्ता द्यायचा होता. पण त्याच्या संपादकबाईंचा शिरस्ता असा, की कुणाच्या घरचा पत्ता छापायचा तर आधी स्वतः जाऊन त्या दाराची बेल वाजवायची. स्वारी कुरकुरतच आली होती.

आतून कुजबुज आली, "ताई, भावोजींनी शोधलं का गं आपल्याला?"

पुन्हा मला दाबायला उचललेलं बोट त्यानं खाली घेतलं.

ताईंनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. तो अडखळत म्हणाला, "बाई, तुमचा पत्ता नगरपालिकेत कुणालाही बघायला मिळतो. मी काही चोरून आणलेला नाही."

"मिळतो ना, पण त्यासाठी तिथवर जावं लागतं. तुमचा पेपर तर सकाळी चहाबरोबर त्यांच्या हातात पडेल! धुराचं खुशाल छापा. मला तेवढं वगळा."

बातमी आली. धूर, खोकणारी मुलं, कारखानदाराचं नाव, सगळं होतं. ताईंच्या जागी नुसतं 'परिसरातील एक रहिवासी'. बातमीचं काही म्हणजे काही अडलं नाही. कारखान्यावर अधिकारी आले आणि धूर थांबला.

तो अंक द्यायला बातमीदार आला आणि मला न वाजवताच दाराखालून सरकवून निघाला. ताईंनी दार सताड उघडलं. "अहो, थांबा! पुढच्या वेळी अशी वाजवा," म्हणत त्यांनी त्याला ती खूण वाजवून दाखवली. "छापू नका हं!"

तो कानापर्यंत लाल झाला.

आता माझा आवाज घोगरा झालाय, पण मी मजेत आहे. तिन्ही बोटं मला नेमकी ओळखू येतात.

काय म्हणालात? ती खूण कोणती?

वा! एवढं सगळं ऐकूनसुद्धा?