हात न लावता वाजणारा डबा

मी थेरमिन. घाटनांदुरात हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही, म्हणून मी डबाच राहिलो. मला पडदे नाहीत, भोकं नाहीत, छेडायला वर तार नाही. माझ्या अँटेनापुढे नुसता हात धरायचा. हात जवळ आला की माझा सूर चढतो, लांब गेला की उतरत उतरत थांबतो. मला कुणी हात लावत नाही, तरी माणसाच्या हाताची जेवढी खबर मला असते, तेवढी त्या माणसालासुद्धा नसते.

मला अभिमन्यूनं बनवलं. अंबाजोगाईच्या कॉलेजात तो फिजिक्स शिकत होता. फरसाणाचा पत्र्याचा डबा, एका मेलेल्या रेडिओची अँटेना आणि कुठून कुठून जमवलेले सुटे भाग. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा त्याची आई तुळजाबाई पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली.

"काय रं हे? आत कोण रडतंय?"

"रडत न्हाई माय, गातंय. हात पुढं कर की."

तिनं भीतभीत हात पुढं केला. मी किंचाळलो. तिनं झटक्यात हात मागं घेतला, आणि मग डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. बाप नसलेल्या त्या घरात असं हसू फारसं ऐकू येत नसे, हे मला पुढं कळलं.

अभिमन्यूचा बँड होता. नाव 'अविभाज्य'. गाणी लिहायची आणि गायची प्रियदर्शनी, त्याच्याच वर्गातली. हलगी बजरंगची. शनीच्या कड्यांवर गाणं, आवर्तसारणीवर गाणं, मूळ संख्यांवर तर पोरं नाचतील असं गाणं: "दोन, तीन, पाच, सात, भागायची कुणाची हाय बिशाद!" बजरंगला शास्त्रातलं काही कळत नसे. तो म्हणायचा, "मला फक्त सांग बे, ऑक्सिजन कितव्या ठोक्याला येतो?"

"आठव्या."

"मंग झालं!" आणि आठव्या ठोक्याला त्याची हलगी अशी काही कडाडायची की सारणी विसरायची कुणाची छाती नव्हती.

वरातीत त्यांना एकदाच बोलावलं. नवरदेवाचा मामा माझ्याकडे बघून ओरडला, "ह्ये भुताटकी बंद करा आदी!" शाळांमधून मात्र बोलावणी यायची. सिरसाळ्याच्या शाळेत तर पोरं आम्हाला सोडेनात. शेवटच्या गाण्याला अख्खं मैदान मूळ संख्या म्हणत होतं. अभिमन्यूचा हात माझ्यापुढं त्या दिवशी पाखरासारखा फिरला.

परतताना मी त्याच्या मोटारसायकलला मागं बांधलेला होतो. बजरंग आणि प्रियदर्शनी दुसऱ्या गाडीवर, बरेच मागं. परळी ओलांडली, दिवेलागण झाली होती. पुढं उसाची ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता.

मी रस्त्याकडेच्या गवतात जाऊन पडलो. आदळताना माझं बटण चालू झालं. अभिमन्यू माझ्याशेजारी होता आणि त्याचा हात माझ्या अँटेनाजवळ पडला होता. तो हात थरथरत होता, म्हणून माझा सूर थरथरत होता. थोडाच वेळ. मग सूर सरळ झाला. रेघ ओढावी तसा सरळ. बजरंग धावत येईपर्यंत मी तो एकच सूर धरून होतो. मला तो सोडता येत नव्हता.

तुळजाबाईनं मला बजरंगकडून मागून घेतलं. अभिमन्यूच्या फोटोशेजारी ठेवलं आणि बंद करू दिलं नाही. सेल संपले की नवे आणायची. दुपारी घर रिकामं असलं की माझ्यापुढं येऊन बसायची. एकदा तिनं हात पुढं केला आणि हळूच विचारलं, "लई दुखलं का रं त्येला?"

मला ठाऊक होतं. वेळ लागला नाही, माय, एवढंच सांगायचं होतं. एक सरळ सूर दिला असता तरी पुरलं असतं. पण मी हाताचा बांधलेला. तिचा हात कापत होता, म्हणून मीही कापत, विव्हळत वाजलो. तिनं तेच उत्तर समजलं. तिनं पदर तोंडात धरला.

शेजारची साखराबाई दारातून हे ऐकत होती. दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली. "अभिमन्यू बोलतो म्हणं डब्यातून. माज्या लेकीला दिवस काहून जात न्हाईत, विचार की." तिच्यामागून दुसरी आली, मग पुरुष आले. माझ्या पत्र्यावर हळदकुंकू चढलं. माणसं वाकली की त्यांच्या अंगानं मी वाजायचो आणि ती हात जोडायची. मी तर कुणालाच काही सांगत नव्हतो.

प्रियदर्शनीला कळलं तशी ती बजरंगला घेऊन आली. गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं उभी राहिली. संतापानं तिचा आवाज फुटत होता. "मावशी, हे तुमच्या अंगानं वाजतंय. बघा, मी मागं सरकले, थांबलं. असल्या अंधश्रद्धेविरुद्धच तर आम्ही गाणी म्हणत होतो. त्याच्याच डब्याचा देव केला तुम्ही!"

तुळजाबाई शांतपणे म्हणाली, "मला काय शिकवती, पोरी? तो पैल्याच दिशी बोलला होता मला. माजाच हात हाय, ठाऊक हाय. पण सांजच्याला घरात दुसरा आवाजच न्हाई. बंद करून काय ऐकू मी?"

बजरंग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मग तुळजाबाईच उठली. पदरानं माझं कुंकू पुसलं, साखराबाईचा नारळ तिच्या ओटीत परत घातला आणि दाराकडं तोंड करून म्हणाली, "माजा लेक मेला. ह्यात न्हाई तो. जावा घरी." तो गेल्यापासून 'मेला' हा शब्द तिनं तोंडातून काढला नव्हता. माणसं एकेक करून निघून गेली.

आता रविवारी बँडचा सराव तुळजाबाईच्या घरीच होतो. प्रियदर्शनी तिला सूर कसा धरायचा ते शिकवते. शनीच्या गाण्यात सुरुवातीचा लांब सूर तुळजाबाईचा असतो. मंचावर ती डोक्यावरचा पदर सावरून उभी राहते आणि पोरांचा कलकलाट थांबतो.

माझा पत्रा गंजलाय, सेलची झाकणपट्टी दोऱ्यानं बांधलीय. गाणं संपलं की पोरं गोळा होतात. एखादं विचारतंच, "आज्जी, आत कोण हाय?"

"कुणी न्हाई बाबा. वायरी हायत," ती म्हणते.

पोरांनो, तिचं ऐका. मला काही विचारू नका. आत कुणी नाही. एक सूर आहे फक्त, गवतात अभिमन्यूचा हात थांबल्यावर लागलेला, आणि तो तिच्या हाताखाली कधी येऊ नये, एवढंच मला वाटतं.