गुडघ्यांचं गाऱ्हाणं

शर्मिलाला समुद्र नको होता. आता जिचं घर तारकर्लीला, जिच्या चार खोल्या 'समुद्राजवळ' एवढ्या एका शब्दावर मे महिनाभर भरतात, त्या बाईने असं म्हणायचं म्हणजे हलवायाने साखरेला नाक मुरडण्यासारखंच झालं. म्हणून ती कुणाला म्हणाली नव्हती. दुपारी पाहुणे जेवून आडवे झाले की मागच्या दारी बसायची आणि फोनवर सहलीच्या यादीतलं एकेक गाव काढून टाकायची.

बाली पहिल्या फटक्यात गेलं. तिथले सगळे फोटो जोडप्यांचेच दिसत होते. फुकेत आणि क्राबी बघितलं तर वाळू, माड, होड्या आणि होडीत बसून ओरडणारे पाहुणे. हे बघायला विमानात कशाला बसायचं? शिवाय मे महिन्यात तिथे पाऊस सुरू. कंबोडियातली देवळं मनात भरली होती, पण पारा चाळिशीला टेकलेला, आणि उन्हाळाभर चुलीपुढे उभं राहणाऱ्या बाईने सुट्टीत पुन्हा भाजून घ्यायचं कशासाठी? शेवटी दोनच उरली. मलेशियातलं पिनांग, तिथे खाण्यापिण्याची चंगळ म्हणून. आणि व्हिएतनाममधलं दालात, डोंगरावरचं, पाइनच्या झाडांतलं. मे महिन्यातसुद्धा संध्याकाळी अंगावर काहीतरी घ्यावं लागतं म्हणे. आठ दिवस, एकटीने. कुणीतरी पुढ्यात ताट आणून ठेवील आणि विचारील, अजून काही हवं का? नुसत्या या विचाराने तिला सुख व्हायचं, आणि पाठोपाठ लाज वाटायची.

हे खूळ डोक्यात घातलं ते पुण्याच्या रियाने. गेल्या वर्षी ही मुलगी आठ दिवस एकटी येऊन राहिली. शर्मिलाने पहिले चार दिवस तिची कीव केली, "मिस्टर मागाहून येणार का?" म्हणून दोनदा विचारून झालं. पाचव्या दिवशी तिला कळलं की आपण कीव करत नाही आहोत, जळतो आहोत.

मुहूर्त मात्र वाईट निघाला. ऐन हंगामात घर टाकून जायचं, कारण मुलगी वर्षाली कोल्हापूरच्या कॉलेजातून घरी असते ती मेमध्येच. स्वयंपाक ती आणि कामाला येणारी नर्मदा मिळून सांभाळणार होत्या. नवरा सुदेश पाहुण्यांना होडीतून डॉल्फिन दाखवायला नेतो, त्याला विचारलं तर तो जाळं नीट करता करता एवढंच म्हणाला, "जा. पण आबांका तुझा तूच सांग."

घोडं अडलं होतं ते इथे. आबा म्हणजे सासरे, वय एकोणऐंशी. उभी हयात मालवाहू जहाजांवर सुकाणू धरलेलं. माणूस तापट नव्हता, ओरडला असता तर बरं झालं असतं. पण या घरातली बाई आजवर दोनच कारणांनी घराबाहेर राहिली होती, माहेरपण आणि दुखणं. शर्मिलाचं माहेर मिठबावचं. आईवडील गेल्यापासून तिथे कुणी वाट बघत नव्हतं. म्हणून ती माळ्यावरून बॅग काढत असताना आबांनी "खंय जातंस गो?" असं विचारलं, तेव्हा तिच्या तोंडून उरलेलं कारण निघून गेलं.

"मुंबयक. ढोपरां दुखतत माझी. दाखवूक जातंय."

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरं. गुडघे तरी कुणाचे, तर हिचे. दिवसातून वीस वेळा विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत पळणारे, कधी कुरकूर म्हणून न केलेले.

दुसऱ्या दिवशी तिच्या खोलीतल्या देवळीत तेलाची बाटली आली, अर्धी वापरलेली. 'हे कुणाचं?' असा प्रश्न तिला पडला नाही. आबांनी दुसरा चहा मागायचं सोडून दिलं. स्वयंपाकघरापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत दोन पायऱ्या आहेत, त्या तिला चढाव्या लागू नयेत म्हणून. चहा हवा झाला की ते स्वतः आत यायचे, एक हात भिंतीला लावून, सावकाश. ती त्यांच्याकडे बघायची आणि तिला वाटायचं, आपल्यामुळे म्हाताऱ्या माणसाला एवढं चालावं लागतंय. तिचं मन तिला खात होतं, पण ते खाणंसुद्धा चुकीच्याच जागी चाललं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी वर्षाली फोन घेऊन मागे लागली, आज गाव ठरव, तिकिटं महाग होत चाललीत. तेवढ्यात आबा बाहेरच्या खोलीत आले. हातात कापडी पिशवी. पिशवीत दोन लुंग्या, चष्म्याची डबी आणि कसलेसे जुने कागद घातलेलं पाकीट.

"मी पण येतंय तुझ्यावांगडा मुंबयक," ते म्हणाले. "माझी पण ढोपरां दाखव. दोन वर्सा झाली, दुखतत."

भिंतीला लावलेला तो हात, अर्धी बाटली तेल, सगळं एकदम शर्मिलाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. सुदेश होडीवर जायला निघाला होता, तो दारातच थांबला. मुंबईचं त्याला आजच कळत होतं. त्याने बायकोकडे बघितलं आणि नजर खाली घातली.

"वायच थांब रे, सुदेश," आबा म्हणाले. "जावच्या आधी गाऱ्हाणा घालूया."

नारळ त्यांनी आधीच सोलून ठेवला होता. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे नारळ ठेवून घरातल्या वडीलधाऱ्याने मोठ्याने मागणं मांडायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून रुकार द्यायचा. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्याचा रुकार तर हवाच हवा. समई लावेपर्यंत शर्मिलाकडे वेळ होता. वर्षालीने तिचा पदर दोनदा ओढला. ती वातीला तेल घालत राहिली, जणू तेवढंच एक काम जगात शिल्लक होतं.

आबांनी डोळे मिटून हात जोडले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरची सून मुंबयक चलली आसा."

"व्हय म्हाराजा," वर्षाली म्हणाली. सुदेशचे नुसते ओठ हलले.

"तिची ढोपरां दुखतत म्हाराजा. वीस-बावीस वर्सा उबी रवान रांदता, पावण्यांक वाडता. माझ्या म्हातारेच्या आजारपणात सगळा केल्यान, आता माझा करता. कदी तोंडातसून शब्द काडूक नाय."

या वेळी रुकार आला नाही. आबांनी डोळे उघडले. "शर्मिला, व्हय म्हण गो. तुझा गाऱ्हाणा आसा."

तिने तोंड उघडलं. माणसाशी खोटं बोलून झालं होतं, पण इथे रुकार दिला की ते देवापुढे पक्कं झालं असतं, आणि तेही या माणसाच्या तोंडून.

"आबा, माझी ढोपरां दुखनत नाय," ती म्हणाली. "मुंबयचा मी खोटा सांगलंय. मी परदेशात जातंय. एकटीच, आठ दिस. कामाक नाय. फिराक."

आबा नारळाकडे बघत राहिले. बाहेर एका खोलीतल्या पाहुण्यांनी गरम पाणी मागितलं. नर्मदाने काहीतरी उत्तर दिलं.

"खंय?" आबांनी विचारलं.

"अजून नक्की नाय. पिनांग, नायतर दालात म्हणान आसा एक. डोंगर आसा थंय. थंड. समुद्र नाय." आणि एवढं सांगितलंच आहे तर उरलेलंही सांगून टाकावं म्हणून ती म्हणाली, "माका समुद्र नको झालो, आबा."

खलाश्याच्या घरात, त्याच्या देवासमोर. आपण किती बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं. कान तापले.

आबांच्या तोंडावर मात्र वेगळंच काहीतरी आलं. "पिनांगाक मी सात वेळा गेलंय," ते म्हणाले. "बाकीचे बाजारात जायत. मी बंदरात उतरलंय काय गाडी धरून डोंगरार जाय. समुद्राक पाठ करून बसय, बोटीचो भोंगो होयपर्यंत. घराक कदी सांगूक नाय. खलाशान असा बोलाचा नसता." त्यांनी सुनेकडे बघितलं. "तू डोंगरारच जा."

ते रागावले असते, तिकीट काढू नको म्हणाले असते, तर शर्मिलाला सोपं गेलं असतं. तिला रडू आलं. ते तिने गिळलं, कारण रडायचा हक्क आज आपला नाही हे तिला कळत होतं.

"आणि तुमची ढोपरां?"

"माझी खरीच दुखतत."

"मग दोन वर्सा सांगूक कित्याक नाय?"

"कोणाक सांगतलंय? सगळी धावपळीत." आबांनी साधेपणाने सांगितलं. "तुझी दुखतत ता आयकलंय, तेवा माका धीर झालो. म्हटलंय, आता सांगूक हरकत नाय. तुका समजतला."

सुदेश देवाच्या फोटोकडे बघत उभा होता. वर्षालीने फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

"जावंदे," आबा म्हणाले. "दोन वर्सा थांबली, आठ दिस थांबतीत. गाऱ्हाणा अर्धा सोडूक नको." त्यांनी पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा, मगाशी सांगलंय ता चुकीचा झाला, माफ कर. ही सून डोंगर बघूक चलली आसा. सुखान जावंदे, सुखान येवंदे."

"व्हय म्हाराजा," तिघांनीही म्हटलं. शर्मिलाचा आवाज सगळ्यांत बारीक होता.

आबांनी नारळाला हात घातला. आपल्या गुडघ्यांबद्दल ते एक अक्षर बोलले नव्हते.

"थांबा," शर्मिला म्हणाली. या घरात बाईने कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. तिने हात जोडले, आणि शब्द सापडत गेले तसे म्हटले. "बा देवा म्हाराजा, ह्या घरच्या म्हाताऱ्या माणसाची ढोपरां दुखतत. माझ्या डोळ्यांसमोर तो भिंत धरून चलत होतो, माका दिसाक नाय. सोमवारी मी तेंका कुडाळाक दवाखान्यात नेतलंय. तेच्यानंतर माझा तिकीट. तेंका आराम पडांदे."

सुदेश आणि वर्षालीने रुकार दिला. मग सगळे थांबले, कारण गाऱ्हाणं आता आबांचं होतं.

"व्हय म्हाराजा," ते म्हणाले, कुणाकडे न बघता.

मग त्यांनी नारळ उचलला, अंगणातल्या फोडायच्या दगडापर्यंत नेला आणि तिच्यापुढे धरला. "तूच फोड. माका खाली बसाक जमना नाय."

गेल्या दोन वर्षांत या घरातला प्रत्येक नारळ ते सुदेशच्या हातात देत आले होते. पोराला मान देतात, असं शर्मिला समजत होती. तिने नारळ घेतला आणि दगडाशी बसली. तिचे गुडघे जरासुद्धा दुखले नाहीत.