साक्षीदार क्रमांक तीन

"बाई, नशीबवान आहात," असं म्हणत रेकॉर्डरूमच्या कारकुनाने फडक्यात बांधलेलं गाठोडं टेबलावर आपटलं. धूळ उडाली. "त्या सालच्या निम्म्या खटल्यांचा निकाल वाळवीनेच लावलाय. तुमचा वाचला."

मुकादमबाई हसल्या नाहीत. हाही वाळवीच्या पोटात गेला असेल, या आशेवरच त्या आल्या होत्या.

हॉस्पिटलच्या लाँड्रीत अडतीस वर्षं काढून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. शेवटची बारा वर्षं मुकादम होत्या, तेच नाव चिकटलं. सध्या त्यांची भाची, भावाची मुलगी, घराण्याची वंशावळ लिहायला बसली होती. तिच्या पणजीच्या चौकटीत नावापलीकडे काहीच नव्हतं. मग कोर्टाच्या जुन्या यादीत तिला आजोबांवरचा एक दावा दिसला. "आत्या, रजा टाकून बघून येते," ती म्हणाली. "तू कशाला रजा घालवतेस? मी रिकामीच आहे," मुकादमबाई घाईघाईने म्हणाल्या होत्या.

दावा अन्नवस्त्राचा होता. तो लावला होता मुकादमबाईंच्या आजीने, आपल्या एकुलत्या एका मुलावर. म्हणजे बाबांवर.

मोठ्या घरची सोयरीक जुळवताना बाबांनी आपली आई लहानपणीच वारल्याचं सांगितलं होतं. लग्नानंतर तिलाच स्वयंपाकीण म्हणून घरात ठेवलं. चारचौघांत तिला 'बाई' म्हणायचं, अशी मुलांना सक्त ताकीद होती. पण मुकादमबाई झोपायच्या तिच्याच पांघरुणात, आणि तिथे ती आजी असायची. एकदा पाहुण्यांसमोर तिने बाबांना चुकून 'बाळा' अशी हाक मारली. त्याच आठवड्यात तिची ट्रंक रस्त्यावर आली.

कारकून पानं उलटत होता. "साक्षीदार क्रमांक तीन. वय नऊ. अरे वा, पोरीला उभं केलं होतं!" तो मोठ्याने वाचू लागला. "'समोरची बाई मी ओळखते. ती आमच्याकडे स्वयंपाक करीत असे. ती माझी आजी नाही. माझी आजी मी पाहिलेली नाही. मला हे कोणी शिकवलेले नाही.' खाली साहेबांचा शेरा: साक्षीदार न अडखळता उत्तरे देते." त्याने चष्मा वर केला. "पोपटासारखी बोललीय. कोण हो ही?"

"असेल घरातलीच कुणीतरी," मुकादमबाई म्हणाल्या. त्यांचे कान तापले होते.

"आणि हे ऐका. 'वादीस उलटतपासणीबाबत विचारले असता ती सांगते की, काही विचारायचे नाही. लेकरू आहे.'" कारकुनाने निकालाचं पान उलटलं. "हरली बिचारी. बाई, पाणी देऊ का?"

मुकादमबाईंनी मानेनेच नको म्हटलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण काय बोललो ते हवेत विरून गेलं. आजीचे शब्द तर त्यांना आठवतही नव्हते. आठवत होती ती घरी परतायची वाट. एरवी पोरांना हात न लावणारे बाबा त्यांचा हात धरून चालले होते, आणि त्या उड्या मारत होत्या. तेच आता सगळ्यात जास्त झोंबत होतं. त्या दिवशी त्यांना आनंद झाला होता.

बाहेर पडताच भाचीचा फोन आला. "आत्या, मिळालं काही?"

"नुसती धूळ आहे गं. बघते अजून."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. नऊ वर्षांची पोर खोटं बोलली होती. साठीला टेकलेली बाई सकाळपासून दोनदा बोलली.

घरी न जाता त्या जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेल्या. निकालात आजीचा पत्ता होता, त्यावरून तिथल्या बाईंनी तासाभराने नोंद शोधून काढली. दाव्यानंतर अकरा वर्षांनी, याच गावात. मृत्यूचं ठिकाण: मोठं हॉस्पिटल, बायकांचा वॉर्ड. खबर देणारी: शेजारीण. नातेवाईक: नाही.

मुकादमबाईंनी तारीख पुन्हा पुन्हा वाचली. त्यांना त्याच हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागून तेव्हा सात महिने झाले होते. बायकांच्या वॉर्डातल्या चादरी त्यांच्याच हौदावर यायच्या.

"हे 'नाही' बदलता येईल का?" त्यांनी विचारलं.

"नातं दाखवणारा कागद आणा."

"कागद एकच आहे. आणि त्यात नातं नाही असं लिहिलंय."

नोंदणीच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग प्रतिज्ञापत्र द्या. होईलच असं नाही सांगत. पण द्या."

कोर्टाच्या फाटकाशी टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्याने स्टूल पुढे सरकवलं. मुकादमबाई उभ्यानेच सांगत गेल्या. सुरुवातीला आवाज इतका बारीक की म्हाताऱ्याला दोनदा "काय?" म्हणावं लागलं. रांगेतला एकजण कान टवकारून ऐकायला लागला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्या थांबल्या नाहीत.

टाइप झाल्यावर म्हाताऱ्याने वाचून दाखवलं. "'...सदर साक्ष मी लहान वयामुळे व अजाणतेपणी खोटी दिली होती...'"

"अजाणतेपणी काढा."

"बाई, तो शब्द मीच घातलाय. तुमच्या भल्यासाठीच. सगळे घालतात."

"मला कळत होतं. ती माझी आजी आहे हे मला चांगलं कळत होतं."

"खाडाखोड चालत नाही. कागद पहिल्यापासून करावा लागेल."

"करा. आणि दोन प्रती काढा. एक माझ्या भाचीला द्यायचीय."

म्हाताऱ्याने कागद ओढून काढला, दोन कोऱ्या कागदांमध्ये कार्बन घातला आणि ते यंत्रात सरकवले. मग चष्मा पुसत त्याने विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

मुकादमबाईंनी सांगितलं. या वेळी त्याला "काय?" म्हणावं लागलं नाही.