कढीत मीठ पडलं की नाही

अर्पितानं कढीच्या गंजात मीठ टाकलं होतं की नव्हतं, हे त्या दिवशी ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. मग ते बिचाऱ्या अर्पितालाच कसं सांगता येणार?

तसं पाहिलं तर गोष्ट साधी होती. घरी महालक्ष्म्या बसलेल्या, त्यात जेवणाचा दिवस. अंगणात मांडव आणि मागच्या चुलीवर अख्ख्या गावाला पुरेल एवढ्या कढीचा गंज, भलंमोठं पातेलंच. कढीत मीठ शेवटी टाकायचं, आधी टाकलं की ताक फाटतं, हे काही कोणाला शिकवावं लागत नाही. अर्पिता पळी फिरवत कढ यायची वाट पाहत होती. तेवढ्यात बाहेर मोटारीचा हॉर्न वाजला, कोणीतरी ओरडलं, "नागपूरवाले आले वं!" आणि ही पदर सावरत पुढच्या दाराला धावली. मोठ्या जावेच्या, म्हणजे सुरभीच्या, पायांवर पाणी घातलं, वाकून नमस्कार केला, चहाचं विचारलं. परत येऊन पाहते तर कढीला कढ येऊन गेलेला आणि मिठाच्या बरणीचं झाकण उघडं.

झाकण उघडं म्हणजे मीठ टाकलं? का टाकायला म्हणून झाकण काढलं आणि तेवढ्यात हॉर्न वाजला? का भज्याचं पीठ कालवताना काढलेलं झाकण तसंच राहिलं? अर्पितानं डोळे मिटून आठवून पाहिलं. एकदा वाटलं टाकलं. दुसऱ्यांदा आठवलं तर मूठ रिकामीच दिसली. तिसऱ्यांदा आठवायला गेली तेव्हा तर गेल्या आठवड्यातली कढी मध्येच आली आणि सगळा काला झाला.

चाखून पाहायचं, त्यात काय एवढं, असं म्हणाल तुम्ही. म्हणा! महालक्ष्मीच्या स्वयंपाकाला नैवेद्याआधी कोणी जीभ लावत नाही. आणि अर्पिताच्या सासूच्या, तानाबाईच्या, घरात तर नावच काढू नका. थोरला मुलगा रजत, म्हणजे सुरभीचा नवरा, लहान असताना त्यानं एकदा गुपचूप पुरणाचा गोळा उचलला, तर या बाईनं परातभर पुरण गाईला घातलं आणि नव्यानं डाळ शिजत लावली. रजत आता नागपुरात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण पुरण दिसलं की अजूनही हात मागं बांधून उभा राहतो.

आणि नेमकी याच वर्षी ही भानगड व्हावी! गेल्या साली तानाबाईच्या हातची आंबील खारट झाली होती. थोडीथोडकी नाही, पाहुण्यांनी एक घोट घेतला आणि पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवले. तेव्हा सुरभी सगळ्यांसमोर बोलली होती, "आईंना आता होत नाही आणि अर्पिताला एवढ्या लोकांचं जमणार नाही. मुखवटे आम्ही नागपूरला नेतो. मोठेपणाचा मान तसाही आमचाच आहे." शेवटी रजतनं तोड काढली की एक साल अर्पिताला पाहू द्या, जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या भादव्यात महालक्ष्म्या नागपूरला.

अर्पिताचं माहेर मुकुटबनचं. तिच्या घरी महालक्ष्म्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या घरी पंगतीला बसून ती मोठी झाली. लग्न होऊन राळेगावकडच्या या घरात आली आणि पहिल्याच भादव्यात सारं गाव आपल्या अंगणात जेवताना पाहिलं, तेव्हा तिला इतका आनंद झाला होता की ती स्वतः जेवायचीच विसरली. आता हे सगळं एका मूठभर मिठावर येऊन थांबलं होतं.

पुरणपोळ्या लाटायला शेजारच्या रत्नप्रभाकाकू आल्या होत्या. अर्पितानं त्यांना हळूच विचारलं, "काकू, मी कढीत मीठ टाकलं का वं?"

"टाकलं नं! म्या या डोयानं पाह्यलं," काकू छातीठोकपणे म्हणाल्या. मग लाटणं थांबवून विचारात पडल्या. "का हळद होती थे? पिवळं दिसलं मले जरासक."

"हळद तं मी आधीच टाकलीती."

"मंग मीठ असन. पण मीठ कायले पिवळं दिसन?"

झालं! होती नव्हती ती खात्रीही गेली. अर्पितानं नवऱ्याला गाठलं. कपिल केळीची पानं पुसत बसला होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मी काय तुयं मीठ मोजत बसलोतो?" पण बायकोचं तोंड पाहून त्यानं खिशातून मोबाईल काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि मोठा शोध लागल्यासारखा म्हणाला, "हे पाह्य, उपाय हाय. अंडं टाकून पाहाचं. खारट असन तं वर येते."

"महालक्ष्मीच्या कढीत अंडं? डोक्शावर पडले काय तुम्ही?"

"मी कुठं म्हणून राह्यलो? मोबाईल म्हणते."

आता एकच आशा होती, तानाबाई. तानाबाईचं नाक पंचक्रोशीत गाजलेलं. गंजावर नुसती वाकली की सांगायची, मीठ जरा कमी हाय, मूठभर टाक. गावातल्या लग्नात आचारीसुद्धा तिला बोलावून न्यायचे. अर्पिता तिला हाताला धरून चुलीपाशी घेऊन आली आणि म्हणाली, "आई, एकडाव वास घेऊन सांगा नं."

तानाबाई वाकली. वाफ तोंडावर घेत कितीतरी वेळ तशीच राहिली. मग सरळ झाली आणि म्हणाली, "असन."

"असन म्हणजे? हाय का?"

"नसन बी."

"आई, असन का नसन?"

"काहून माया जीव खाऊन राह्यली? तूच टाकलं, तूच इसरली, अन् मले इचारते!" तानाबाई एकदम तडकली आणि अंगणात निघून गेली. अर्पिता पळी धरून पाहतच राहिली. चुकलं तर रागवणारी सासू तिला माहीत होती. पण असन बी, नसन बी म्हणणारी तानाबाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. आता आणखी मीठ टाकावं, तर आधीचं असलं की गेल्या सालची आंबील परवडली असं व्हायचं. न टाकावं, तर देवीपुढं अळणी कढी. तिला रडूच यायला लागलं. शेवटी तिनं देवीवर भार टाकला आणि बरणीला झाकण लावून टाकलं.

नैवेद्याची वेळ झाली. ज्येष्ठा आणि कनिष्ठा दोघींपुढं पानं वाढली. डाव्या हाताला मीठ, लिंबू, चटणी. उजवीकडे सोळा भाज्या, मधोमध भाताची मूद, पुरणपोळी, भजे, वडे, आंबील आणि ती मेली कढी. वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला. सासरे रामरावांनी धूप फिरवला, पडदा ओढला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. या घरची रीत अशी की महालक्ष्म्या जेवतात तोवर घरात चिटपाखरू राहू द्यायचं नाही. सगळ्यांनी अंगणात गप बसायचं, खोकलासुद्धा गिळायचा. मग रामराव घंटा वाजवतात तेव्हा दार उघडतं.

अंगण शांत झालं. अर्पिता मांडवाच्या खांबाला टेकून बसली. पण जीव थाऱ्यावर असेल तर ना! देवी आता कढीची वाटी उचलत असेल, ओठाला लावत असेल, तोंड वाकडं करत असेल. समोर सुरभी नव्या साडीत डोळे मिटून बसलेली. अर्पिताला काय झालं कोण जाणे. ती उठली, न्हाणीकडे चालल्यासारखं दाखवलं आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत शिरली. आपण काय करतो आहोत हे तिचं तिलाच कळत नव्हतं. एकच डोक्यात होतं, एक थेंब, फक्त एक थेंब जिभेला लावायचा आणि सोक्षमोक्ष करायचा.

तिनं पडद्याची कड उचलली आणि जागच्या जागी थिजली. ज्येष्ठेच्या पानापुढं तानाबाई बसली होती. भाताची मूद एका बाजूनं खचलेली आणि तानाबाईची कढीनं माखलेली बोटं तोंडात.

"तू कायले आली?" तानाबाई कुजबुजली.

"चाखाले," अर्पिताच्या तोंडून खरंच निघून गेलं. "अन् तुम्ही?"

"मी बी."

मग अर्पितानं विचारलं, "मंग? हाय का मीठ?"

तानाबाईनं पुन्हा चिमूटभर भात कढीत बुडवला, जिभेवर ठेवला, डोळे मिटून चघळला. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"मले कळत नाही वं, पोरी. कितीक घास घेतले. काईच कळत नाही."

"म्हणजे?"

"करोनात वास गेला, चव गेली. साऱ्यायची गेली अन् साऱ्यायची आली. माही आलीच नाही. पुरण खाल्लं काय अन् माती खाल्ली काय, मले सारखंच. दोनतीन साल अंदाजानं केलं. गेल्या साली आंबिलीत दोनदा मीठ पडलं, तं मले पत्ता नाही. मंग हात दुखते म्हणून सांगतलं अन् सयपाक तुयावर टाकला." तिनं पदरानं डोळे पुसले. "हिच्या पानातलं तरी लागन, असं वाटलं. देवीचं पान हाय ना. ते बी नाही लागलं."

परातभर पुरण गाईला घालणारी ही बाई, आज सुनेची लाज राहावी म्हणून देवीचं पान उष्टं करून बसली होती. आणि त्याचाही उपयोग झाला नव्हता. अर्पितानं सासूचा खांदा धरला.

"आता तू चाख," तानाबाई म्हणाली.

"आई, मी?"

"उष्टं तं मी करूनच ठेवलं. आता एकीनं काय अन् दोघींनं काय. चाख लवकर."

अर्पितानं बोट बुडवून जिभेला लावलं. अळणी! मिठाचा एक कण नव्हता.

"नाही टाकलं, आई. मी टाकलंच नाही वं!"

तानाबाईनं देवीच्या मुखवट्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "डाव्या बाजूले मीठ वाढलं हाय नं तिच्या पानात? घेईन देवी थे लावून. जेवाले बसलेलं माणूस तेवढं करते. तू जाय, गंजात टाक. पळ!"

अर्पिता पळाली. गंजात मीठ टाकलं, ढवळलं, आणि या खेपेला राजरोस चाखलं, कारण आता नैवेद्य झाला होता. झाला होता ना? का उष्टा झाला म्हणजे झालाच नाही? पाप लागलं असेल तर कोणाला, सासूला का सुनेला? विचार करायला वेळ कुठं होता! घंटा वाजली. ती मागच्या दारानं बाहेर पडून पुढं आली, तोवर माणसं आत शिरत होती. पडदा सरला. तानाबाई जणू सगळ्यांबरोबरच आत आल्यासारखी कडेला उभी होती.

"अवं माय!" रत्नप्रभाकाकू किंचाळल्या. "मूद पाहा, मूद! बोटं उमटले! महालक्ष्मी जेवली वं बाई!"

एकच कल्ला झाला. रामरावांनी टोपी काढून हात जोडले. तांड्यावरून दरवर्षी पंगतीला येणारा देवसिंग उंबऱ्यातच साष्टांग आडवा झाला, त्यामुळे मागची माणसं त्याला अडखळू लागली. बायका अर्पिताच्या अंगावरून हात फिरवायला लागल्या, तुया हाताले यश हाय म्हणायला लागल्या. अर्पिताला हसावं का रडावं कळेना. खरं सांगावं तर सासूची अब्रू जाते, गप बसावं तर देवी पाहते आहे.

सुरभी पुढं आली. देवीला वाकली, मग सासूच्या पाया पडली आणि उठताना तिचा उजवा हात डोळ्यांना लावायला हातात घेतला. तिथंच थांबली. तानाबाईच्या बोटांवर कढीचा पिवळा ओघळ होता आणि नखाशी भाताचं शीत चिकटलेलं. संपलं सगळं, गेल्या महालक्ष्म्या नागपूरला!

सुरभीनं वर पाहिलं नाही. आपल्या नव्या साडीच्या पदरात सासूचा हात धरला आणि एकेक बोट सावकाश पुसून काढलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, मुखवटे इथंच राहू द्या. जिथं जेवली तिथंच राहील नं ती. मी येत जाईन दरसाली, मदतीला."

पंगतीवर पंगती उठल्या. कढी तीनतीनदा मागितली गेली. अर्पिता वाढत होती, हसत होती, पण डोकं काही ठिकाणावर येत नव्हतं. सुरभीताईंना किती कळलं? देवी रागावली असेल की नाही? विचारायचं तरी कोणाला?

शेवटच्या पंगतीला घरच्या बायका बसल्या. तानाबाईच्या एका बाजूला सुरभी. अर्पितानं सासूच्या वाटीत कढी ओतली. तानाबाईनं घोट घेतला आणि सुनेकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाली, "सांग."

अर्पिता पळी घेऊन तिच्यापाशी उकिडवी बसली. "आंबट हाय, आई. चांगलंच आंबट. मंग मागून मिरची लागते, घशापाशी. अन् कढीपत्त्याचा वास येते, तुम्ही घालता तसा."

तानाबाई डोळे मिटून ऐकत होती आणि ऐकता ऐकता गिळत होती. सुरभीचा घास हातातच राहिला. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा अर्पिताकडे, आणि गेल्या सालची आंबील का खारट झाली ते आत्ता कुठं तिच्या ध्यानात आलं. ती सासूच्या कानाशी वाकली.

"अन् मीठ बरोबर आहे, आई," ती म्हणाली. "अगदी तुमच्यासारखं."

तानाबाईनं वाटी पुढं केली. "मंग वाढ वं अजून," ती म्हणाली.