डिंकोबाचं पटल

गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव डिंकोबा ठेवलं होतं, आणि खोटं कशाला बोला, ते त्याला शोभतही होतं. शाळा-कॉलेजांना आणि संग्रहालयांना लागणाऱ्या प्रतिकृती बनवणं हा त्याचा धंदा. कानाचा आतला भाग म्हणा, फुलाचा उभा छेद म्हणा, ज्वालामुखी म्हणा, सांगाल ते करून मिळे. डिंक, सरस आणि दोन नळ्यांतलं कालवून लावायचं ते पिवळं चिकट रसायन यांच्या वासात त्याचा जन्म गेला होता. बाणा एकच: हलेल ते माझं नव्हे. एकदा एका शाळेत त्याने केलेलं हृदय कपाटावरून खाली पडलं, तर म्हणे फरशीला तडा गेला आणि हृदयाला ओरखडाही आला नाही. ही गोष्ट तो नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा आणि जुन्या गिऱ्हाइकाला पुन्हा सांगायचा.

घरात माणसं दोनच, तो आणि त्याची सून. मुलगा काविळीने गेला त्यालाही काही वर्षं होऊन गेली होती. तेव्हा सूनबाईचा भाऊ तिला न्यायला आला होता. "हातातलं काम अर्धं पडलंय, ते संपलं की येते," असं तिने त्याला सांगितलं. ते काम संपलं, दुसरं आलं, दुसऱ्याच्या पाठी तिसरं आलं, आणि बोलावून बोलावून भाऊच थकला. शेजारीपाजारी म्हणत, सून असावी तर अशी. हे कानावर पडलं की डिंकोबा खूश. माणसाला एका जागी बसवून ठेवायला कौतुकाइतका चिकट पदार्थ दुसरा नाही, हे त्या म्हाताऱ्याला चांगलं ठाऊक होतं. विचारलं असतंत तर मात्र साफ नाकारलं असतं.

तर झालं असं, की विज्ञान संग्रहालयाच्या बाईंनी पेशीच्या पटलाची भली मोठी प्रतिकृती सांगितली. चित्रही दिलं. एक गोल डोकं, त्याला दोन शेपट्या, आणि असे शेकडो जण दोन थरांत उभे. डोक्यांना पाणी आवडतं, शेपट्यांना पाण्याचा तिटकारा. म्हणून डोकी दोन्हीकडे बाहेर पाण्यात आणि शेपट्या मध्ये लपलेल्या, अशी मांडणी. सूनबाईने कातारी गाठून लाकडी मणी करून घेतले, तारा कापल्या, एकेका मण्याला दोन दोन तारा बसवल्या. मग डिंकोबाने ते सगळे ओळीने उभे करून एकमेकांना असे काही चिकटवले, की वर हत्ती बसला असता तरी हूं की चूं झालं नसतं.

बाई बघायला आल्या. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि एका मण्यावर बोट दाबलं.

"काका, हे हलत नाही."

"हलेल कसं? माझ्या हातचं आहे."

"पण हे हलायला हवं हो. तुम्ही भिंत बांधलीत. भिंत झाडांच्या पेशींना असते, तीही या पटलाच्या बाहेरून. हे पटल आहे. यातला प्रत्येक जण सारखा सरकत असतो. आत्ता याच्या शेजारी, क्षणात त्याच्या शेजारी."

"मग सगळं धरून ठेवलंय कशाने?"

"चिकटवलेलं कशानेच नाही. दोन्ही बाजूंना पाणी आहे आणि शेपट्यांना पाणी नकोय, म्हणून ते आपणहून एकत्र राहतात. मध्ये लहानसं भोक पडलं तर आपलं आपण मिटतं."

डिंकोबाने मान हलवली. "बाई, तुमचं पटल मला काही पटलं नाही."

सूनबाई तोंडाला हात लावून हसली. बाईही हसल्या, पण बोट तिथेच दाबून म्हणाल्या, "पटो न पटो, सुटं करा."

निघताना त्यांनी त्याच कागदावर पुढचं काढून दिलं. प्राणवायू एवढासा, तो या शेपट्यांमधून सहज निसटून जातो. पाणी थोडंफार असंच झिरपतं, पण त्याला स्वतःच्या अरुंद वाटाही आहेत. साखर मात्र अंगाने मोठी. तिच्यासाठी एक वाहक बसलेला असतो. तो इकडे तोंड उघडून साखर आत घेतो, तोंड मिटतो आणि मग पलीकडे उघडतो. दोन्ही तोंडं एकदम कधीच उघडी नसतात.

"आणि हे खालचं काय?" सूनबाईने विचारलं.

"तो पंप. मिठातलं सोडियम आत साठू द्यायचं नसतं, ते हा बाहेर टाकतो. बाकीचं जास्त असेल तिथून कमी असेल तिकडे आपसूक जातं. पण बाहेर गर्दी असताना आतलं बाहेर घालवायचं तर पेशीला ताकद खर्चावी लागते. पुष्कळ लागते."

ते दोन दिवस डिंकोबाचे फार वाईट गेले. आपण चिकटवलेलं आपणच छिन्नीने सोडवायचं म्हणजे काय, ते त्या जातीच्या माणसालाच कळेल. सुटे मणी ट्रेमध्ये मांडले की लगेच पसरायचे. तो पुन्हा डिंकाच्या भांड्याकडे बघायचा. शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, आपण यांना धरायचंच नाही. पाणी भरूया."

"लाकूड फुगेल, अगं."

"खरं पाणी नव्हे. निळे काचमणी. ट्रेच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरायच्या. तेच दाबून धरतील."

आणि धरलं की! निळ्या मण्यांच्या दोन गर्द्यांमध्ये पटलाचा पट्टा सरळ उभा राहिला. बोटाने एकाला ढकललं तर शेजारचे बाजूला सरायचे, बोट काढलं की जागा भरून यायची. डिंकोबा लहान मुलासारखा पुन्हा पुन्हा बोट घालून बघत राहिला. आपल्या सुनेचा त्याला इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि काचेची धूळ गेली असं त्याने सांगितलं.

त्यानंतरच्या सोमवारी सूनबाई आणखी निळे मणी आणायला बाजारात गेली असताना भिंतीवरचा फोन वाजला. संग्रहालयाच्या बाई. पाण्याची कल्पना सुनेची आहे हे त्यांना कळलं होतं. मोठ्या शहरातल्या मुख्य संग्रहालयाला स्वतःचं प्रतिकृती-दालन काढायचं होतं, आणि ते चालवायला त्यांना ती हवी होती. "राहायची सोय आहे. तिला नीट विचार करू दे, पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार यायला हवा. सांगाल ना?"

"सांगतो की," डिंकोबा म्हणाला.

आणि त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

पहिल्या दिवशी तो स्वतःला म्हणाला, जेवण झाल्यावर सांगू. जेवण झाल्यावर म्हणाला, आता कशाला तिची झोप उडवायची. दुसऱ्या दिवसापासून त्याने कारण शोधायचंही सोडलं. चोराच्या मनात चांदणं. फोन वाजला की हा हातातलं टाकून धावायचा, आणि दर वेळी तो रंगवाला नाहीतर चुकीचा नंबर निघायचा. तिच्यावाचून त्याचं पोट अडणार नव्हतं. भात त्याला टाकता येत होता, कपडे तो स्वतःच धूत होता. भीती वेगळी होती. समोरच्या स्टुलावर कोणी नसेल, आपण काहीतरी बोलू आणि ते तसंच खोलीत पडून राहील, ही भीती. मुलगा गेला त्यानंतरचे ते दिवस त्याला आठवत होते. ते पुन्हा काढायची त्याच्यात हिंमत नव्हती.

शुक्रवारी दुपारी फक्त वाहक बसवायचा राहिला होता. तो डिंकोबाने एकट्याने केला होता. सागवानाचे दोन अर्धगोल, मध्ये पितळी बिजागरी, बाजूला एक मूठ. साखर म्हणून सहा कोनांची पांढरी वडी. मूठ इकडे फिरवली की वरचं तोंड उघडणार, तिकडे फिरवली की खालचं.

"घाला बघू साखर," सूनबाई म्हणाली.

त्याने वडी आत ठेवली. मूठ फिरवली. वरचं तोंड खटकन मिटलं. पुढे मात्र मूठ जाईना. त्याने जोर लावला, तेल सोडलं, दोन शिव्या दिल्या. घोडं तिथेच पेंड खात होतं. जन्मभराच्या सवयीने बिजागरीही त्याने घट्टच आवळली होती. साखर ना इकडे, ना तिकडे.

सूनबाई ट्रेवर वाकून बघत होती. ती सहज म्हणाली, "बाबा, घेतलंय ना आत? मग पलीकडे सोडा की."

डिंकोबाचा हात मुठीवरून गळून पडला.

"अगं," तो म्हणाला, "बाईंचा फोन आला होता. तुझ्यासाठी."

"कधी?"

"सोमवारी."

त्याने सगळं सांगितलं. दालन, शहर, राहायची सोय, आणि आज संध्याकाळची मुदत. सांगताना तो ट्रेकडेच बघत होता. सूनबाई सरळ उभी राहिली. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"तो निरोप माझा होता, बाबा," ती म्हणाली. "जायचं की नाही ते मी ठरवलं असतं. कदाचित नाहीच म्हणाले असते. पण तुम्ही तो प्रश्न माझ्यापर्यंत येऊच दिला नाहीत. इतकी वर्षं मी इथे राहिले ती माझ्या मर्जीने राहिले, असं मला वाटत होतं."

चूक झाली, असं तो म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. आणि मग, छातीवरचा दगड दोन्ही हातांनी ढकलावा तसा म्हणाला, "जा तू. मी म्हणतो म्हणून नको. पण जा."

तिने फोन लावला. "हो, मीच बोलतेय," ती म्हणाली. "निरोप आज मिळाला." डिंकोबाने मान खाली घातली. एवढंच बोलून ती त्याच्याविषयी गप्प राहिली. मग पलीकडचं ऐकत उभी राहिली, खोलीभर एकदा नजर फिरवली, आणि म्हणाली, "येते मी. हो, नक्की." थोडं थांबून तिने फोन त्याच्यापुढे धरला. "बाईंना तुमच्याशी बोलायचंय."

बाई अभिनंदन करत होत्या. तुमची सून आम्ही पळवतोय, रागावू नका, असं काहीतरी हसत म्हणत होत्या. डिंकोबाने ते ऐकलं न ऐकलं.

"बाई, एक करा," तो म्हणाला. "तिला कामाला जागा खिडकीपाशी द्या. वारा यायला हवा. या डिंकाच्या, सरसाच्या वासाने तिचं डोकं चढतं. संध्याकाळ झाली की कपाळ दाबत बसते. बोलणार नाही ती, म्हणून मी सांगतोय."

त्याने फोन ठेवला. सूनबाई त्याच्याकडे बघतच राहिली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो," डिंकोबा म्हणाला, "तर तू बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली असतीस."